सूत पाणी पितं, आधी नमुना धुवा

दिवसाची कामं आटोपून तुम्ही रेडिओ लावलात, कुणी भाजी निवडत असाल, कुणाच्या हातात सुयाही असतील. आज बोलायचं आहे ते सुयांबद्दलच. जमलं तर एक कागद आणि पेन जवळ घ्या, मधे थोडं लिहून घ्यावं लागेल.

आमचा गट कापसाच्या मुलखातला, यवतमाळ जिल्ह्यातला. शेतात पांढरं सोनं आणि हातात मात्र अॅक्रिलिकची लोकर, असं आमचं बरीच वर्षं चाललं होतं. लोकरीचा स्वेटर आपल्याकडे विकला जातो दोन महिने. संक्रांत झाली की गिऱ्हाईक संपलं. मग आम्ही ठरवलं, सुती धाग्याचे जाळीचे स्वेटर विणायचे. फाल्गुनातल्या पहाटेला, एसीच्या ऑफिसात, रात्रीच्या बसला अंगावर असावा असा हलका स्वेटर. सूत घाम टिपतं, जाळीतून वारा खेळतो, अंगाला टोचत नाही.

शहरातल्या एका दुकानातून 12 स्वेटरची ऑर्डर आली. आम्ही हरखून गेलो. गटातून कर्ज काढून सूत आणलं. पुस्तकात बघून टाक्यांचा हिशोब केला आणि सगळ्यांना वाटून दिला. तेव्हा आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "सूत पानी पेते बाई. धुतल्याबिगर माप घेऊ नोको." काकूंना लिहिता-वाचता येत नाही. आम्ही शिकलेल्या, हातात छापील पुस्तक. आम्ही हसलो आणि पुढे गेलो.

12 स्वेटर वेळेवर पोचले. महिन्याभरात त्यातले 9 परत आले. एका धुण्यात 22 इंचांची उंची 25 इंच झाली होती, गळा खांद्यावरून घसरत होता. दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं. विणणाऱ्यांचंही नाही, त्यांनी सांगितलं तसंच विणलं होतं. चूक हिशोबात होती आणि हिशोब आमचा होता.

काय झालं ते समजून घेऊ. लोकर लवचिक असते, ताणली तरी परत जागेवर येते. सूत तसं नाही. ते ताणलं की ताणलेलंच राहतं. ओलं झालं की जड होतं आणि स्वतःच्या वजनाने खाली ओढलं जातं. जाळी असेल तर आणखीच, कारण भोकांना आधार कमी. कुणाचं सूत धुतल्यावर आटतं, कुणाचं लांबतं. कोणतं काय करील ते धुतल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आधी नमुना. 30 टाके घाला, ज्या जाळीचा स्वेटर करायचा त्याच जाळीत 5 इंच विणा आणि टाके बंद करा. मधल्या 4 इंचांत किती टाके बसतात ते मोजा. मग स्वेटर जसा धुणार तसाच नमुना धुवा, सपाट वाळवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. आमच्या नमुन्यात धुण्याआधी 22 टाके होते, धुतल्यावर 20. दोनच टाक्यांचा फरक वाटतो ना? आता हिशोब बघा. छाती 36 इंच हवी. इंचाला साडेपाच टाके धरले तर 198, म्हणून आम्ही पाठीला 100 आणि पुढच्या भागाला 100 घातले. पण धुतल्यावर इंचाला पाचच टाके राहिले. 200 टाक्यांचे झाले 40 इंच. खरं तर लागत होते 180, म्हणजे एका भागाला 90, आणि शिलाईला दोन धरून 92. उंचीच्या ओळीही अशाच धुतलेल्या नमुन्यावरून मोजायच्या.

आता लिहून घ्या. अंगाला 8 नंबरची सुई, खालच्या पट्टीला आणि बाहीच्या कडेला 10 नंबरची. आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे ध्यानात ठेवा. सुती पट्टी सैल पडते, म्हणून ती बारीक सुईवर घट्ट विणायची. सूत दोन-तीन पदरी, पीळ दिलेलं घ्या. एकपदरी सुताचं विणकाम तिरकं जातं.

जाळी सोपी आहे. टाके सम संख्येत हवेत.
पहिली ओळ: 1 सुलट, मग "सुईवर धागा घ्या, दोन टाके एकत्र सुलट" असं शेवटचा टाका उरेपर्यंत, शेवटी 1 सुलट.
दुसरी ओळ सगळी उलट. तिसरी सगळी सुलट. चौथी सगळी उलट.
पाचवी ओळ: 1 सुलट, मग आधी दोन टाक्यांचा एक करा आणि नंतर धागा घ्या. इथे मात्र दोन टाके एकेक करून, सुलट विणताना सुई घालतो तशी घालून, न विणता उजव्या सुईवर सरकवा. डावी सुई त्या दोघांच्या पुढून घाला आणि एकत्र विणा. शेवटी 1 सुलट.
सहावी उलट, सातवी सुलट, आठवी उलट. पुन्हा पहिलीपासून.

पाचव्या ओळीत वेगळी रीत कशाला? प्रत्येक जाळीत टाके एकाच बाजूला झुकवले तर अख्खा स्वेटर त्या बाजूला कलतो. एकदा इकडे, एकदा तिकडे झुकवलं की कापड सरळ राहतं. आणि धागा जितक्या वेळा घेतला तितकेच टाके कमी व्हायला हवेत. ओळ संपली की टाके मोजा.

जाळीत एक टाका सुटला तर खाली कुठवर उसवेल सांगता येत नाही. म्हणून दर आठ ओळींनी, आठवी उलट ओळ झाली की दाभणाने वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. चुकलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं. काम झालं की दोरा ओढून काढायचा.

खांदे जोडताना आतून सुती फीत शिवा, म्हणजे स्वेटरचं वजन फितीवर येतं आणि खांदा ओघळत नाही. धुतल्यावर पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. दोरीवर टांगू नका, खाटेवर चादर घालून सावलीत पसरा. ठेवतानाही हँगर नको, घडी. हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाला द्या.

आता पैशांचं. परत आलेल्या स्वेटरचा तोटा कुणी सोसायचा यावर आमच्या बैठकीत दोन तास बोलणं झालं. विणणाऱ्यांची मजुरी कापा, असंही कुणी म्हणालं. शेवटी ठरलं, नमुना न धुण्याचा निर्णय गटाचा, तर तोटाही गटाचा. मजुरी पूर्ण दिली. कर्ज फिटायला सात महिने जास्त लागले. परत आलेले स्वेटर उसवून त्याच सुतातून पुन्हा विणले, पण या वेळी आधी सुताच्या लड्या धुतल्या.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. स्वेटर आम्ही 700 रुपयांना दिला होता. सूत, फीत, बटणं, भाडं मिळून 280. उरले 420. एका स्वेटरला लागले साधारण 40 तास. म्हणजे तासाला साडेदहा रुपये! घरबसल्या काम म्हणून आम्ही तास कधी मोजलेच नव्हते. आता बाह्या अर्ध्या, जाळी फक्त गळ्याच्या खाली आणि बाहीच्या कडेला, बाकी अंग साधं सुलट. त्याला 28 तास लागतात, खर्च 250, किंमत 1,150. तासाला 32 रुपये पडतात. हेही फार नाही, पण आता आकडा आम्हाला माहीत आहे आणि भाव करताना आम्ही तो तोंडावर सांगतो.

तर मैत्रिणींनो, ऑर्डर घ्यायच्या आधी दोन गोष्टी करा. नमुना धुवा आणि तास वहीत मांडा. आणि बैठकीत ज्या बाईला वाचता येत नाही, तिला आधी बोलू द्या. आमच्या गटात आता कुठलाही नमुना काकूंच्या हाताखालून गेल्याशिवाय टाके घातले जात नाहीत. त्या तो ओला करतात, हातावर तोलतात, खाटेवर पसरतात आणि म्हणतात, "उद्या सांगतो." आम्ही उद्यापर्यंत थांबतो.