न्यायाची पायरी



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण घराघरांत रुजली आहे. परंतु ज्याच्यावर ती पायरी चढण्याची वेळ येतेच, त्या निर्धनाने काय करावे?

१९७९ साली हुसैनआरा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतील भीषण वास्तव सर्वोच्च न्यायालयासमोर आले. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, तिच्याहूनही अधिक काळ अनेक कच्चे कैदी खटल्याविना खितपत पडले होते. जामिनाला पैसा नव्हता, बाजू मांडायला वकील नव्हता. निर्धन आरोपीला मोफत वकील मिळणे हा जीवित-स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्या. भगवती यांच्या पीठाने ठणकावून सांगितले.

पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता तो विनामूल्य वकील देतो. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो; १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. लोकअदालतीत तडजोड झाल्यास न्यायालयीन शुल्क परत मिळते आणि निवाडा अंतिम ठरतो.

कायदा आहे, व्यवस्था आहे. उणीव आहे ती माहितीची. आपल्या वस्तीतील एका अडलेल्या माणसाला जो या समितीच्या दारापर्यंत पोहोचवील, त्याने न्यायदानालाच हातभार लावला असे म्हणावे लागेल.