तारीख कुणी ठरवायची?
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



मी काही मोठी वक्ती नाही. नर्सची नोकरी केली, उभा जन्म बाळंतिणींच्या वॉर्डात गेला. तिथं जे पाहिलं तेच सांगते.

ज्योतिषाकडून वेळ लिहून आणायची आणि डॉक्टरांना म्हणायचं, याच वेळेला सिझर करा, अशी माणसं मी पुष्कळ पाहिली. आपण त्यांना हसतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली, आपला मुहूर्त सुटला. पण खरंच सुटला का?

मी नोकरीत असताना कोरेगाव भीमाच्या एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. म्हणाल्या, "सिस्टर, तारीख 25 जानेवारीची आहे. पण 1 जानेवारीला इंजेक्शन देऊन मोकळी करा. शौर्यदिनाला नातू झाला पाहिजे." सून खाली मान घालून बसलेली. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बायांनो, 1 जानेवारी 1818 चा पराक्रम मोठा आहे. 1927 साली त्याच दिवशी बाबासाहेब स्तंभाला मानवंदना द्यायला आले, म्हणून आपणही जातो. पण तो दिवस पोटातल्या लेकराला कसा कळणार? 37 आठवड्यांच्या आत जन्मलं तर ते अपुऱ्या दिवसांचं. शेवटच्या आठवड्यांत फुप्फुस आणि मेंदू तयार होत असतात. घाई केली तर श्वासाचा त्रास, दूध ओढायला ताकद नाही, कावीळ, मग काचेची पेटी. शिवाय त्या दिवशी नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते, ते वेगळंच.

मी त्यांना एवढंच म्हणाले, "आई, पंचांग फेकून कॅलेंडर लावलं, तर बदललं काय?"

पण उलटा हट्टही नको. बीपी वाढलं, पाणी गेलं आणि कळा नाहीत, बाळाची हालचाल मंदावली, तर डॉक्टर कळा सुरू करायला सांगतात. तेव्हा "आमच्यात सगळ्या नॉर्मलच झाल्या" म्हणून अडून बसू नका. सगळं ठीक असेल, तर 41 आठवड्यांच्या आत उगाच कळा आणू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कळांचं इंजेक्शन घरी तर कधीच घेऊ नका. आणि डॉक्टर घाई करत असतील तर विचारा, "कारण काय?" 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खाजगी दवाखान्यांत शंभरातली 47 बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारीत 14. विचारायला लाजू नका.

1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेब बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकासाठी बोलले. कामकरी बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आपण सुनेला तारीख देतो, विसावा देत नाही!

महामाया माहेरी निघाली होती. वाटेत लुंबिनीच्या शालवनात प्रसूत झाली. मुहूर्त कुणी काढला होता?

त्या सुनेला 22 जानेवारीला आपसूक कळा आल्या. मुलगी झाली, ठणठणीत. पहिल्यांदा उचलून घेतली ती सासूबाईंनीच.