पाण्यातल्या गोगलगायींचा संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण दिसायला गरीब पण आतल्या गाठीच्या माणसाला लावतो. गंमत अशी की, शास्त्रज्ञांनीही या प्राण्याच्या वर्गाला 'उदरपाद', म्हणजे पोटाशी पाय असलेला, असेच नाव दिले आहे. आज मला बोलायचे आहे ते पाण्यातल्या गोगलगायींविषयी. आता कित्येक घरी काचेच्या पेटीत मासे आले आहेत, परसात कमळाची दोण किंवा सिमेंटची टाकी आली आहे, आणि त्यांच्या मागोमाग, आमंत्रणावाचून, गोगलगायीही आल्या आहेत. त्या ठेवाव्यात की काढून टाकाव्यात? माझे उत्तर असे की, ठेवाव्यात; पण ओळखून ठेवाव्यात, आणि घरच्या घरीच ठेवाव्यात.

प्रथम ओळख करून घेऊ. आपल्याकडच्या पाणगोगलगायींचे ढोबळ मानाने दोन गट पडतात. एका गटाला शंखाच्या तोंडाशी दार असते. भीती वाटली की ती आत जाऊन दार ओढून घेते. लाडूसारखी गोल बेलामिया आणि तिच्याहून मोठी पायला या त्यांतल्या. बेलामिया अंडी घालत नाही, तयार शंखासकट पिल्ले देते. पायला उन्हाळ्यात तळे आटले की चिखलात दार लावून पडून राहते आणि पाऊस पडला की पुन्हा चालू लागते. दुसऱ्या गटाला दार नसते. चकलीसारखी चपटी वेटोळ्याची इंडोप्लॅनॉर्बिस आणि पातळ शंखाची, मोठ्या तोंडाची लिम्निया या त्यांतल्या. यांना फुप्फुस असते. श्वास घेण्यासाठी त्या पाण्याच्या वर येतात. एकाच जिवाच्या ठिकाणी नर आणि मादी दोन्ही असल्याने एकटी गोगलगायसुद्धा वंश वाढवू शकते. पाणवनस्पतीच्या पानाखाली पारदर्शक जेलीचा ठिपका दिसला, तर ती त्यांची अंडी समजावीत. बाजारातून आणलेल्या वनस्पतीबरोबर पाहुणी घरात येते ती बहुधा याच रूपाने. म्हणून नवी वनस्पती दोनतीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवावी आणि पाने रोज पाहावीत.

यांचा उपयोग काय? काचेवरचे हिरवे शेवाळ, कुजलेली पाने, माशांनी टाकलेले अन्न हे सारे त्या खाऊन टाकतात. मात्र त्या डासांच्या अळ्या खातात हा समज खरा नव्हे. त्यासाठी गप्पीसारखे मासेच हवेत. गोगलगायी भराभर वाढू लागल्या, तर दोष त्यांचा नसून वाढणाऱ्या हाताचा असतो. माशांना खाणे जास्त पडते, ते तळाशी राहते आणि त्यावर यांचा संसार फुलतो. अशा वेळी औषध घालू नये. खाणे कमी करावे आणि रात्री काकडीची एक चकती तळाशी सोडावी. सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगायींसकट ती उचलून घ्यावी. मेलेली गोगलगाय मात्र त्याच दिवशी काढावी, नाहीतर सारे पाणी नासते.

आता आपल्या गृहिणींच्या कामाच्या दोन गोष्टी सांगते. पहिली चुन्याची. शंख बनतो तो चुन्याचा. आपल्या भागात पाऊस भरपूर आणि खडक जांभा. त्यातून झिरपलेल्या पाण्यात चुन्याचा अंश थोडा असतो. अशा पाण्यात शंखाचे टोक पांढरे पडून झिजते. त्यावर उपाय स्वस्त आहे: अंड्याचे स्वच्छ धुतलेले, वाळवलेले कवच किंवा समुद्रफेनाचा तुकडा पाण्यात ठेवावा. दुसरी गोष्ट तांब्याची. तांब्याच्या हंड्यातले पाणी आपण आरोग्यासाठी पितो, पण गोगलगायीला तांबे हे विषच आहे. तेव्हा टाकीत तांब्याच्या भांड्यातले पाणी घालू नये. बागेत मोरचुदाची फवारणी झाली असेल, तर तिचा ओघळ दोणीत येऊ देऊ नये. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येत असेल, तर ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग वापरावे.

आता जरा गंभीर विषयाकडे वळते. ओढ्यातली किंवा भाताच्या खाचरातली गोगलगाय मुले कौतुकाने घरी आणतात. त्या गोगलगायीचे दुसरे एक बिऱ्हाड असते. गुरांच्या यकृतात राहणाऱ्या पानासारख्या चपट्या कृमीची अंडी शेणातून पाण्यात जातात, त्यांतून निघालेला जीव लिम्नियाच्या शरीरात वाढतो, तेथून बाहेर पडून गवताला चिकटतो आणि पुन्हा गुरांच्या पोटात जातो. मग म्हैस रोडावते, दूध आटते, जबड्याखाली पाण्याची सूज येते. चकलीसारख्या गोगलगायीतून जाणारा दुसरा कृमी गुरांच्या नाकात ठाण मांडतो आणि जनावर घोरू लागते. अशाच कृमींची पिल्ले पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतही शिरू पाहतात. ती तेथेच मरतात, पण पायांवर लाल पुरळ उठून भयंकर खाज सुटते. रोपलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत होतात त्या चिखल्या वेगळ्या. घोट्यापासून वर पोटरीवर ठिपके उठले, तर ही शंका घ्यावी, पाय कोरडे करून स्वच्छ धुवावेत आणि डॉक्टरांना दाखवावे. ही गोष्ट परमुलखातली समजू नका. आपल्याच कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील गिम्वी गावी माणसांना लघवीतून रक्त जाण्याचा असाच कृमिरोग असल्याचे १९५२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याचा संबंध फेरिसिया नावाच्या चिमुकल्या पाणगोगलगायीशी जोडला गेला.

म्हणून भिऊन जायचे कारण नाही. हे चक्र शेण, पाणी आणि गोगलगाय एकत्र आल्याशिवाय फिरत नाही. घरच्या टाकीत अंड्यातून निघालेल्या पिल्लाला गुरांचे शेण कधी भेटतच नाही, त्यामुळे ते निर्धोक असते. पाळायची तर अशी घरची पिल्ले पाळावीत, ओढ्यातली आणू नयेत. टाकीत हात घातल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. गोठ्याचे पाणी तळ्यात सोडू नये, आणि गुरांना जंताचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळेवर द्यावे.

आणि जशी ओढ्यातली घरात आणू नये, तद्वत घरातली ओढ्यात सोडू नये. मंडळाच्या सर्व भगिनींना माझी खरी विनंती हीच आहे. दक्षिण अमेरिकेतली एक मोठी गोगलगाय १९८०च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानात नेली. लोकांना तिची चव रुचली नाही, ती सुटली, आणि तैवानपासून फिलिपाइन्स, व्हिएतनामपर्यंत भाताची कोवळी रोपे फस्त करू लागली. तिच्या गोतावळ्यातल्या पिवळ्याधमक गोगलगायी शोभेसाठी विकल्या जातात. पाण्याच्या वर काचेला त्या गुलाबी अंड्यांचे घोस चिकटवतात. असा घोस दिसला की खरवडून चिरडून टाकावा. आपल्या आजरा घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या खाचरात असला पाहुणा शिरला, तर मानांकनाचा कागद रोपे वाचवणार नाही.

आपली हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. त्या उगमाच्या कुंडाजवळ सापडलेल्या एका लहानशा माशाला २०२० साली नदीचेच नाव मिळाले, आणि २०२१ साली शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तेच पाणी पुढे रामतीर्थावरून आपल्या दारी येते. माशांचा कंटाळा आला, बदलीच्या गावी जायचे झाले, म्हणून टाकी नदीत रिकामी करणे हे पुण्य नव्हे. मासे दुसऱ्या घरी द्यावेत, पाणी झाडाच्या आळ्यात ओतावे, वनस्पती उन्हात वाळवून मातीत पुराव्यात.

गोगलगाय जेथे आहे तेथेच फिरते. तिला एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात पोचवणारे हात बहुधा आपलेच असतात. ते हात आपण सांभाळावेत.