पाठीवरची पाटी

थंडी पडली की माळ्यावरचा पाणी तापवायचा रॉड खाली येतो. धूळ पुसली जाते आणि जवळ जे सॉकेट असेल त्यात तो लावला जातो. मला या दिवसांत त्याचीच काळजी वाटते. मिळालेल्या मिनिटांत मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. विजेची कोणतीही वस्तू सॉकेटला लावण्याआधी ती उलटी करा आणि तिच्या पाठीवरची पाटी वाचा.

पाटीवर 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झ लिहिलेले असते. आपल्या घरात येते ती वीज हीच. तुम्ही बघायचा तो वॉटचा आकडा. इस्त्री 1000, मिक्सर 750, साठवणीचा गिझर 2000 आणि झटपट पाणी देणारा छोटा गिझर 3000. आकारावर मुळीच जाऊ नका. हातभर लांबीचा रॉड 1500 वॉट घेतो आणि पुरुषभर उंचीचा फ्रिज चालू असताना बहुधा शे-दोनशे वॉटांत भागवतो. डोळ्यांना हे कळत नाही, पाटीला कळते.

आता हिशेब. वॉटला 230 ने भागा, अँपिअर मिळतात. रॉडचे साडेसहा, गिझरचे पावणेनऊच्या आसपास. भिंतीवरचे छोटे सॉकेट सहा अँपिअरचे, मोठे सोळाचे. जुनी माणसे पाच आणि पंधरा म्हणतात. सहा अँपिअर म्हणजे 1380 वॉट. म्हणजे 1500 चा रॉड छोट्या सॉकेटचा नव्हेच. म्हणून तर मोठ्या प्लगच्या पिना मुद्दाम जाड केलेल्या असतात, छोट्यात जाऊच नयेत अशा. आणि आपण काय करतो? दुकानातून मोठ्याचा छोटा करणारा कन्व्हर्टर आणतो आणि मोठा प्लग छोट्या सॉकेटला जोडतो. माझी कळकळीची विनंती आहे, शेगडीला, गिझरला, रॉडला तो कन्व्हर्टर लावू नका.

विहिरीचा दोर आठवा. पोहऱ्याचा दोर पोहऱ्यापुरता असतो. मोटेला नाडा लागतो, मनगटासारखा जाड. पोहऱ्याच्या दोराला मोट बांधली तर तो पहिल्याच खेपेला तुटेल असे नाही. चार खेपा निघतीलही आणि बांधणाऱ्याला वाटेल, जमले की! आत मात्र एकेक पेड तुटत असतो. तुमच्या घरात दोर म्हणजे भिंतीतली वायर, सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या आणि प्लगच्या पिना. दोर बहुधा गाठीपाशी झिजतो, तसे इथेही सगळ्यांत आधी तापते ते सॉकेट, कारण सैल पट्टीवर पीन नीट टेकत नाही. सॉकेटभोवती काळपट डाग, किंचित मऊ झालेले प्लास्टिक, जळका वास ही पेड तुटल्याची खूण समजा. आणि प्रवाह दुप्पट झाला की वायरीत उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. 'थोडे जास्त झाले तर काय होते' असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मी वायरमनचे काम शिकणाऱ्या मुलांना शिकवतो. कुणाच्या घरी बोर्ड उघडला की पहिली चौकशी एक्स्टेंशन बोर्डाची करा, असे त्यांना सांगतो. एकाच दोरावर दोघांनी दोन पोहरे सोडावेत तसा हा प्रकार. बोर्डाला चार भोके असतात म्हणून चार वस्तू लागतात. पण भिंतीत जाणारा प्लग एकच आहे ना? इस्त्रीचे हजार आणि मिक्सरचे साडेसातशे मिळून 1750 वॉट झाले, सहा अँपिअरच्या पार पलीकडे. भोके मोजू नका, पाट्या वाचून बेरीज करा. एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, सारखा पडतो म्हणून कुणी त्या जागी मोठा एमसीबी बसवून घेतात. हे फार वाईट. वायर तीच ठेवून एमसीबी वाढवणे म्हणजे राखणदाराला झोपवणे. गिझरसाठी, एसीसाठी वेगळी वायर टाकून घ्या. वायरमन 'अडीच एमएमची' किंवा 'चार एमएमची' म्हणेल, त्याच्याशी घासाघीस करू नका.

बिलाबद्दल एक. वॉट म्हणजे एका वेळी किती ओढले ते, युनिट म्हणजे दिवसभरात एकूण किती निघाले ते. मोट अर्धा तास चालवा, नाहीतर लहान पोहरा दिवसभर ओढत बसा, मोजायचे ते एकूण पाणी. 2000 वॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. 75 वॉटचे जुन्या धाटणीचे दोन पंखे दिवसरात्र फिरले तर 3.6 युनिट होतात. बोलणी मात्र गिझर खातो. नवे बीएलडीसी पंखे तीस वॉटांच्या आसपास घेतात, तेव्हा पंखा बदलताना पाटी वाचा. ती दुकानातच वाचा, घरी आणल्यावर नव्हे.

खेड्यांतल्या श्रोत्यांसाठी आणखी थोडे. संध्याकाळी व्होल्टेज 180 वर आले की हजार वॉटचा रॉड हजाराचा राहत नाही, सहाशेच्या थोडा वर येतो, कारण इथेही मघाचाच दुपटीला चौपट असा वर्गाचा हिशेब आहे. रॉड बिघडलेला नाही, पाणी उशिरा तापेल इतकेच. पंपाच्या मोटारीचे उलटे. व्होल्टेज उतरले की ती जास्त प्रवाह ओढते आणि तापते. अशा वेळी पंप बंद ठेवा. पंपावर लिहिलेला एक एचपी म्हणजे 746 वॉट, पण तो मोटारीच्या दांड्यावर मिळणारा जोर. तारेतून ती हजारावर वॉट घेऊ शकते. एसीवरचा टनाचा आकडा गारव्याचा, विजेचा नव्हे. त्याचे वॉट वेगळे लिहिलेले असतात, तेही शोधून वाचा. म्युझिक सिस्टिमच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत हजारो वॉट छापलेले दिसतात, त्याकडे लक्ष देऊ नका, मागची लहान अक्षरांतली पाटी खरी.

रॉडचे राहिलेच. तो पाण्यात बुडवल्यावरच खटका दाबा, आणि पाण्यात बोट घालून बघण्याआधी खटका बंद करून प्लग काढा. तिसरी, अर्थिंगची पीन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणाऱ्यांबद्दल खूप सांगायचे आहे. ती पीन लांब ठेवलेली असते, ती सर्वांत आधी टेकावी म्हणून; ती कापू नका. पण वेळ थोडा उरला आहे, आणि इन्व्हर्टर तर अजून घेतलाच नाही. त्याच्यावर व्हीए लिहिलेले असते. 850 व्हीए म्हणजे 850 वॉट असे धरून लोक त्यावर मिक्सर लावतात. प्रत्यक्षात वॉट त्याहून कमी मिळतात. किती कमी, ते त्या इन्व्हर्टरच्या पॉवर फॅक्टरवर ठरते, आणि त्याचा हिशेब दोन वाक्यांत मावणारा नाही. विकत घेताना दुकानदाराला व्हीए विचारू नका, वॉट विचारा.