'अ' आहे, पण अननस कुठी हाय?

आज माझ्या पाच वर्षांच्या भाचीची गोष्ट.

ताई अकोल्याला, मी अमरावतीला. भाची मोबाईलवर मुळाक्षरांची गाणी पाहते. ढोल, रंग, उड्या मारणारा अननस! 'अ' ते 'ज्ञ' तोंडपाठ. आम्ही सगळे खुश. दिवाळीत मी पाटीवर नुसता 'अ' काढला. ती बघतच राहिली. म्हणाली, "मामा, अननस कुठी हाय?"

ताईचा चेहराच पडला. पुढच्या वर्षी पोरगी पहिलीत जाणार ना!

बघा, व्हिडिओनं लक्ष वेधलं होतं, पण ते अननसाकडे. अक्षर बाजूलाच राहिलं. युक्ती वाईट नाही हो, फक्त लक्ष अक्षरावर उतरलं पाहिजे.

मारिया माँटेसोरी खरखरीत सँडपेपरची अक्षरं वापरायच्या. मूल त्यावर बोट फिरवतं आणि तोंडानं तोच आवाज काढतं. डोळा, बोट, कान तिन्ही एकाच जागी. आपल्याकडे हा विचार रुजवणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीतच राहायच्या, माहीत होतं? पुढे गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी काम केलं आणि १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली. महागड्या साधनांऐवजी गावात सहज मिळणाऱ्या वस्तू वापरल्या.

मग आम्हीही तेच केलं. ताटात रेती, त्यात बोटानं 'म'. त्यावर तुरीचे दाणे मांडायचे. मग घरात 'म' शोधायचा: मीठ, मका, मिरची. चित्र एकही नाही. खेळ पाच मिनिटांचा, आणि पोरगी कंटाळायच्या आधी बंद! 'म' नंतर थेट 'क', मग काना. क्रम नाही पाळला. कारण एवढ्यातच मका, काका, मामा असे शब्द तयार होतात, आणि पोराला कळतं की अक्षरं कशासाठी असतात.

ताईनं माझा नंबर 'मामा' नावानं सेव्ह केला, फोटो काढून टाकला. गेल्या आठवड्यात मी फोन लावला. उचलायच्या आधी भाची स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "मा... मा. आई, मामा!"

ताई सांगताना रडत होती, आणि खरं सांगू, मीही.

तर मंडळी, आज घरच्या पोराला एक अक्षर चित्राशिवाय दाखवून पाहा. अडलं, तर रागावू नका. रेतीचं ताट आणा. भेटू पुढच्या भागात!