शाळेतली हाताची विद्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत असा मंडळाचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यानाची मला सवय नाही. पण विषय मुलांना शाळेत हाताची कामे कशी शिकवावीत हा आहे, आणि हाताच्या कामात आपले सर्वांचेच आयुष्य गेले आहे. म्हणून उभी राहिले.

कार्यानुभव हा विषय आपल्याला ठाऊक आहे. पण पुष्कळ घरांत काय दिसते? पुठ्ठ्याचे घर आई करते, नाहीतर ते दुकानातून येते, आणि गुण मुलाला मिळतात. त्यात सुधारलाच तर आईचा हात सुधारतो, मुलाचा नाही.

हाताच्या कामातून शिक्षण द्यावे हा विचार काही नवा नाही. महात्मा गांधींनी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली आणि तिथून नयी तालीम निघाली. टकळीवर सूत काढता काढता मुलाने गणित शिकावे, कापसाबरोबर शेती आणि भूगोलही शिकावा, अशी ती कल्पना होती. पुढे १९८३ साली डॉ. कलबाग यांनी पुणे जिल्ह्यात पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला. तिथल्या पद्धतीत शाळेची मुले आठवड्यातला एक दिवस शेती, स्वयंपाक, लोखंडकाम, वीज अशी प्रत्यक्ष कामे करतात, आणि शिकवायला गावातले कारागीरही असतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशी शिकावे असे सांगितले आहे. मग त्या यादीत आपण बायका का नसाव्यात?

आपल्याला येण्यासारखे तीन पाठ मी सांगते.

पहिला पाठ बियाण्याचा. घटस्थापनेला आपण घटात धान्य पेरतो आणि उगवण पाहून बी कसे आहे ते ओळखतो. तेच वर्गात मोजून करावे. हरभऱ्याचे १०० दाणे न निवडता घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडाव्यात, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि ओल राखावी. आठवड्याने मुलांनी कोंब मोजावेत. ९० उगवले तर शेकडा ९०. साठच उगवले तर बी बदलावे, नाहीतर जास्त पेरावे. शेकडेवारीचे गणित मुलाला कळते आणि बापाचा पेरणीचा पैसा वाचतो.

दुसरा पाठ गोधडीचा. सहा फूट लांब व साडेचार फूट रुंद गोधडी नऊ-नऊ इंचांच्या चौकोनी तुकड्यांची करायची. लांबीत ८ व रुंदीत ६, म्हणजे ४८ तुकडे लागतील. मुले नऊ इंचच कापतील. पण शिवणीत चारही बाजूंनी अर्धा अर्धा इंच जातो, म्हणजे तुकडा आठ इंचांचा उरतो आणि गोधडी पाच फूट चार इंचांची होते. निजणाऱ्याचे पाय बाहेर! म्हणून तुकडा दहा इंचांचा कापावा. हे आपण आधी सांगू नये. कागद कापून मुलांनाच शोधू द्यावे. सुया मात्र वीस दिल्या तर वीसच मोजून परत घ्याव्यात.

तिसरा पाठ आपल्या फर्दापूरचाच. अजिंठ्याची चित्रे पाहायला जग येते. ती चित्रे नुसत्या दगडावर नाहीत. दगडावर आधी मातीचा गिलावा आहे. त्या मातीत भाताचे तूस आणि गवताचे तंतू मिसळलेले आहेत. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग गेरू, पिवळी माती, काजळी यांचे रंग. आता सांगा, भिंत लिंपताना मातीत भुसा का घालावा हे आपल्या सासवांनी आपल्याला शिकवलेच ना? मुलांना दोन कौले द्यावीत. एकावर नुसती माती लिंपावी, दुसऱ्यावर भुसा घातलेली. वाळल्यावर नुसत्या मातीला भेगा पडतात. भुशाची माती धरून राहते. त्या कौलावर मग त्यांनी गेरूने चित्र काढावे. लेण्यांची विद्या आणि आपल्या आईच्या हातची विद्या एकाच कुळातली आहे, हे ज्या मुलाला कळेल ते आईच्या कामाला कमी लेखणार नाही.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. मुलांकडून वर्ग झाडून घेणे म्हणजे कौशल्य शिकवणे नव्हे. किती, कसे आणि का, हे तीन प्रश्न ज्या कामात नाहीत ती नुसती राबवणूक आहे. दुसरे, सुई मुलींना आणि फावडे मुलांना अशी वाटणी करू नये. मुलाला बटण लावता यावे, मुलीला सायकलचे पंक्चर काढता यावे. उद्या नोकरीसाठी परगावी एकट्याने राहायचे झाले तर दोघांनाही त्याचा उपयोग आहे.

माझी मंडळाला विनंती एवढीच, की आपण मुख्याध्यापकांना भेटावे आणि महिन्यातल्या एका शनिवारी एक तास मागून घ्यावा. प्रत्येक वेळी दोघीजणींनी जावे. गणित आणि शास्त्र गुरुजी सांगतील, हात आपण दाखवू. कुणी म्हणेल, आम्ही अडाणी, वर्गात कशा उभ्या राहणार? तर ज्या बाईची भाकरी तव्यावर टम्म फुगते, तिने वर्गात का भ्यावे? ती का फुगते ते गुरुजींना विचारावे, म्हणजे आपलेही शिक्षण पुढे जाईल.

पहिल्या शनिवारी गोधडीच्या पाठाला मी जाईन. जोडीला कोण येते, तिने आज सभा संपताच चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.