पेटीची किल्ली

भाजी उतरवून रेडिओजवळ बसल्या असाल तर बरंच झालं. आज मी जे सांगणार आहे त्यात माझीच चूक जास्त आहे.

मी ख्रिस्ती आहे. आमच्या गावात ख्रिस्ती घरं तीनच. त्यामुळे गावात क्षमेचा विषय निघाला की बाया माझ्याकडे पाहतात, जशी काही माझ्या घरी ती कोठीत भरून ठेवली आहे. नाही हो, बाई. मागच्या वर्षी आमच्या गटाच्या खजिनदार बाईनं 8,400 रुपये कोणाला न विचारता खर्च केले. लेकीच्या बाळंतपणात अडचण आली होती. मला समजलं तेव्हा भर बाजारात, भाजीवालीच्या पुढ्यात, मी तिला चोर म्हटलं.

त्या रविवारी प्रार्थनेला बसले. आमच्या मराठी बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानात, प्रभूनं शिकवलेली प्रार्थना आहे. माफीच्या जागी तिथे शब्द आहे ऋण. आम्ही दुसऱ्याचं ऋण सोडतो, तसं देवानं आमचं सोडावं, असा त्याचा अर्थ. लहानपणापासून म्हणत आले. गटाची वही समोर आल्यावर तो शब्द पहिल्यांदा टोचला. आणि वही नीट पाहिली तर काय! ज्या स्लिपवर पैसे निघाले, तिच्यावर अध्यक्ष म्हणून माझी सही होती. कोऱ्या स्लिपवर, न वाचता केलेली.

त्याच दिवसांत पोरानं मोबाइलवर एक जुना सिनेमा लावून दिला, ‘दो आँखें बारह हाथ’. व्ही. शांताराम यांचा, 1957 चा. तुमच्यापैकी कितीजणींनी टीव्हीवर पाहिला असेल. खुनाच्या गुन्ह्यातल्या सहा कैद्यांना एक जेलर बेड्या काढून उजाड माळावर नेतो आणि त्यांच्याकडून शेती करवतो. सहा जणांचे बारा हात, आणि त्यांच्यावर दोन डोळे. लताबाईंनी गायलेली त्यातली प्रार्थना आपल्या शाळांमधून अजून म्हटली जाते.

ही नुसती कल्पना नाही बरं. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. तेव्हा तो भाग औंध संस्थानात होता. औंधच्या राजांनी 1939 मध्ये ती सुरू केली. मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर त्यामागे होते. त्या संस्थानच्या राज्यघटनेला गांधीजींचा सल्ला होता, म्हणजे आपल्या सेवाग्रामच्या बापूंचाच. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैदी बायकापोरांसह राहून शेती करत. त्याच मुलखातले ग. दि. माडगूळकर यांनी या सिनेमाची कथा लिहिली.

मला त्यातलं एक फार पटलं. जेलर कैद्यांना ‘तुम्ही काही केलंच नाही’ असं म्हणत नाही. तो त्यांच्या हाती कुदळ देतो. भाजी पिकते, ती बाजारात नेऊन स्वस्तात विकतात, व्यापारी चिडतात, आणि खरी परीक्षा तिथे होते. पण एक खटकलंही. मला त्या घरच्या बाईचं ऐकायचं होतं, जिचा माणूस मारला गेला. सिनेमाचं सगळं लक्ष कैद्यांकडे.

ते ऐकायला मिळालं दुसऱ्या एका गोष्टीत. मध्य प्रदेशात उदयनगर भागात राणी मारिया नावाची सिस्टर गावातल्या गरिबांना सावकाराच्या तावडीतून सोडवायचं काम करायची. 25 फेब्रुवारी 1995 ला चालत्या बसमध्ये तिला चाकूनं मारलं. मारेकरी समंदर सिंग तुरुंगात गेला. 2002 मध्ये तिची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टरच, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. केरळची ख्रिस्ती बाई, पण माफी सांगायला तिला राखीचा धागाच सापडला. पुढे तो सुटला आणि राणी मारियाच्या आईलाही भेटायला गेला. यावर ‘द हार्ट ऑफ अ मर्डरर’ नावाचा माहितीपट निघाला. पण ध्यानात घ्या, राखी बांधली तेव्हा तो सात वर्षं तुरुंग भोगत होता. माफीनं खटला पुसला गेला नव्हता.

म्हणून एक बोलते. ज्या बाईला नवरा रोज मारतो, तिला ‘माफ कर माय, घर सांभाळ’ म्हणणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. चर्चमध्येही आहेत. मार चालू असताना माफीची गोष्ट काढू नये. आधी तिला त्या घरातून बाहेर काढावं.

आता आमच्या गटाचं. बैठकीत खूप भांडण झालं. एक म्हातारी तर म्हणाली, “तिले परत घेतलं तं माहं नाव काटून टाका.” तिचंही चूक नव्हतं, तिचे निंदणाचे पैसे होते त्यात. मी सहीचं सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. मग ठरलं की मूळ रक्कम महिन्याला 300 रुपयांप्रमाणे तिनं फेडायची, म्हणजे 28 महिने. व्याज सोडलं. पेटीची किल्ली दुसरीकडे गेली, आणि कोऱ्या स्लिपवर सही बंद.

पहिले 300 तिनं पोळ्यानंतरच्या बैठकीत आणले. दसऱ्याला सोनं घेऊन माझ्या दारी आली. आमच्या घरी दसरा नसतो, तरी गावचं सोनं येतं आणि आम्ही ते घेतो. तिनं पानं हातात दिली, मी घेतली, पण बोलायला जीभ उचलेना. चोर म्हटलं होतं बाजारात, दारात माफी मागून कसं चालेल?

पुढच्या बाजारी त्याच भाजीवालीच्या पुढ्यात तिला थांबवलं आणि म्हटलं, “त्या दिवशी मी इथे जे बोलले ते चुकलं. सही माझीही होती.” भाजीवाली तराजू धरून पाहत राहिली. ती काही वेळ बोललीच नाही. सांबाराची जुडी उचलून पिशवीत टाकली, आणि मग विचारलं, “बैठक बुधवारीच आहे न, बाई?”